नॉनस्टिक घेताना पैसे कशाचे मोजायचे?

दसरा-दिवाळीच्या दिवसांत पुण्याची तुळशीबाग असो की एखाद्या तालुक्याच्या बाजारपेठेतलं जुनं दुकान, भांडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारतं : ‘यातला चांगला सेट कुठला?’ काउंटरवर तीन खोकी येतात. समजा, एक बाराशेचं, दुसरं अडीच हजारांचं आणि तिसरं पाच हजारांचं आहे. तिन्हींवर काळाभोर तवा, पॅन आणि कढई यांचा फोटो, तिन्हींवर ‘पीएफओए-मुक्त’ असा शिक्का, तिन्हींवर ‘पाच पीस’. मग चौपट किमतीचा फरक आला कुठून? आणि स्वस्तातलं घेतलं तर बिघडलं कुठे?

या प्रश्नाचं उत्तर खोक्यावरच्या मजकुरात फारसं मिळत नाही. ते मिळतं भांड्याच्या धातूत, त्यावरच्या केसाहूनही पातळ थरात आणि आपल्या घरी रोज काय शिजतं त्यात. या तिन्हींकडे क्रमाने पाहू.

१. हा थर आहे तरी काय?

६ एप्रिल १९३८. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हा तरुण रसायनशास्त्रज्ञ फ्रिजमध्ये वापरायच्या वायूंवर काम करत होता. त्याने साठवलेला एक वायू सिलिंडरमधून बाहेरच येईना. वजन केलं तर सिलिंडर रिकामा नव्हता. करवतीने कापल्यावर आत पांढरी, मेणासारखी बुळबुळीत भुकटी निघाली. वायूचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांच्या लांबच लांब साखळ्या तयार झाल्या होत्या. या पदार्थाचं रासायनिक नाव पॉलिटेट्राफ्लुओरोइथिलीन, थोडक्यात पीटीएफई. पुढे कंपनीने त्याला ‘टेफ्लॉन’ हे व्यापारी नाव दिलं.

या साखळीचा कणा कार्बनचा आणि त्याभोवती फ्लोरिनच्या अणूंचं पूर्ण आवरण. कार्बन आणि फ्लोरिन यांचं बंधन इतकं घट्ट असतं की बाहेरच्या कोणत्याही पदार्थाला तिथे हात घालायला जागा उरत नाही. पाणी धरत नाही, तेल धरत नाही, अंड्यातलं प्रथिनही धरत नाही. लोखंडी किंवा स्टीलच्या भांड्यात अंडं चिकटतं, कारण त्यातली प्रथिनं तापलेल्या धातूशी थेट बंध जोडतात. पीटीएफई त्यांना ती संधीच देत नाही.

स्वयंपाकघरात हा पदार्थ आणला फ्रान्सने. मार्क ग्रेग्वार हा अभियंता मासेमारीच्या साहित्यासाठी टेफ्लॉन वापरून पाहत होता. हेच माझ्या भांड्यांवर लाव, असं त्याच्या पत्नीने, कोलेत यांनी, सुचवलं. १९५६ मध्ये त्यांनी कंपनी काढली. टेफ्लॉनमधलं ‘टेफ’ आणि ॲल्युमिनियममधलं ‘ॲल’ घेऊन तिचं नाव पडलं टेफाल. भारतातल्या नॉनस्टिकचा इतिहास तर थेट मराठवाड्यात सुरू होतो. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, भोगले कुटुंबाने १९६८ मध्ये ‘निर्लेप’ची सुरुवात केली आणि पुढची कित्येक वर्षं मराठी घरांत नॉनस्टिक तव्याची ओळख या एकाच नावाने होत राहिली. २०१८ मध्ये ही कंपनी बजाज इलेक्ट्रिकल्सने घेतली.

२. कशालाच न चिकटणारा पदार्थ तव्याला कसा चिकटतो?

स्वस्त आणि महाग भांड्यातला पहिला मोठा फरक इथे आहे.

काँक्रीटच्या गुळगुळीत भिंतीवर गिलावा टिकत नाही, म्हणून गवंडी आधी भिंतीला टाचे मारतो. भांड्याच्या कारखान्यातही हेच करतात. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर बारीक खडीचा मारा करून तो खरबरीत केला जातो. त्यावर पहिला हात मारतात तो धातूला घट्ट धरणाऱ्या रेझिनमध्ये थोडं पीटीएफई मिसळून. वरच्या थरांत पीटीएफईचं प्रमाण वाढत जातं. शेवटी सगळं भट्टीत ४०० अंश सेल्सियसच्या आसपास भाजलं जातं. पीटीएफई ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळे भट्टीत त्याचे कण एकजीव होतात आणि खालच्या खाचाखोचांत रुतून बसतात. एवढं सगळं होऊनही पूर्ण थराची जाडी साधारण २० ते ४० मायक्रॉन भरते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो.

हा थर चढवायच्या दोन पद्धती आहेत. एकीत ॲल्युमिनियमच्या सपाट चकतीवर रोलर फिरवून थर देतात आणि नंतर ती चकती साच्यात दाबून तिला पॅनचा आकार देतात. हे काम झटपट आणि स्वस्तात होतं, पण दाबताना थर ताणला जातो, विशेषतः काठाशी आणि वळणावर. दुसरीत भांडं आधी घडवून मग त्यावर फवारा मारून थर देतात. वेळ जास्त लागतो, माल जास्त लागतो, पण थर सगळीकडे सारखा बसतो आणि तो जाडही देता येतो. बाराशेच्या सेटमध्ये बहुधा पहिली पद्धत असते. कढईसारख्या खोल भांड्यात हा फरक लवकर जाणवतो, कारण तिथे वळणच वळण असतं आणि झारा नेमका तिथेच घासतो.

खोक्यावर ‘तीन थर’, ‘पाच थर’ असं ठळक लिहिलेलं असतं. त्यावर फार विसंबू नये. एकूण जाडी तेवढीच ठेवून थरांची संख्या वाढवता येते आणि दोन कंपन्यांची थर मोजायची रीतही एक नसते. त्यापेक्षा थर कुणाचा आहे हे लिहिलंय का ते पाहावं. भांडी बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या थराचं रसायन स्वतः बनवत नाहीत. केमूर्सचं टेफ्लॉन, पीपीजीकडे गेलेल्या व्हिटफर्डची लेपनं, जर्मनीच्या वाइलबुर्गरचं ग्रेब्लॉन अशी ही नावं असतात. असं नाव छापलेलं असलं म्हणजे भांडं उत्तमच असतं असं नाही. पण थर कुठून आला हे लपवायची गरज त्या कंपनीला वाटत नाही, एवढं तरी कळतं.

३. वजनाचा हिशेब

दुसरा फरक धातूचा, आणि किमतीतला मोठा वाटा याचाच.

नॉनस्टिक भांडी ॲल्युमिनियमची असतात ती उगाच नाही. ॲल्युमिनियम उष्णता स्टेनलेस स्टीलच्या सुमारे पंधरापट वेगाने वाहून नेतं. आच मध्यभागी लागली तरी कडेपर्यंत ऊब पोचते. पण त्यासाठी पत्रा पुरेसा जाड हवा. पातळ तव्यावर बर्नरच्या कड्याच्या आकाराचं गरम वर्तुळ तयार होतं. घावनाचा तेवढाच भाग करपतो, कड ओलीच राहते. मग आच वाढवली जाते आणि वाढवलेल्या आचेने थराचं आयुष्य कमी होतं. नॉनस्टिक ‘लवकर गेलं’ म्हणतात, त्याची सुरुवात पुष्कळदा अशा पातळ पत्र्यातूनच होते.

जाडी डोळ्यांनी कळत नाही, कारण काठ वळवून जाड दिसेल असा करता येतो. वजन मात्र फसवत नाही. २८ सेंटिमीटर व्यासाचा सपाट तवा घेऊ. त्याची त्रिज्या १४ सेंटिमीटर, क्षेत्रफळ सुमारे ६१६ चौरस सेंटिमीटर. पत्रा ४ मिलिमीटरचा असेल तर घनफळ झालं साधारण २४६ घन सेंटिमीटर. एक घन सेंटिमीटर ॲल्युमिनियमचं वजन २.७ ग्रॅम. म्हणजे नुसत्या तव्याचं वजन ६६५ ग्रॅमच्या घरात यायला हवं. तोच तवा अडीच मिलिमीटरचा असेल तर वजन भरतं जेमतेम ४१६ ग्रॅम. दोन तव्यांत पाव किलोचा फरक! दांडीचं वजन वेगळं धरावं लागेल, तरी एवढा फरक तराजूच काय, हातही ओळखतो. दुकानदाराला ‘किती गेजचा आहे?’ असं विचारायची जुनी पद्धत अगदी योग्य आहे. उत्तर मिलिमीटरमध्ये मागावं आणि एकाच व्यासाची दोन भांडी दोन हातांत धरून पाहावीत.

तव्याला ४ मिलिमीटर किंवा त्याहून थोडी जास्त जाडी, पॅन आणि कढईला ३ मिलिमीटरच्या आसपास, एवढं मिळालं तर घरगुती वापराला उत्तम. अडीचच्या खाली गेल्यावर वाचलेले पैसे पुढे दुप्पट होऊन निघून जातात.

४. विषारी असतं का?

हा प्रश्न आता प्रत्येक घरात निघतो आणि तो रास्त आहे. मात्र त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेले असतात.

पहिला प्रश्न पीएफओएचा. पीटीएफई बनवताना हे रसायन मदतनीस म्हणून वापरलं जाई. तयार भांड्यात ते जवळपास उरत नसे. कारखान्याभोवती मात्र त्याने मोठं नुकसान केलं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या पार्कर्सबर्ग गावाजवळच्या ड्यूपॉन्टच्या कारखान्यातून ते नदीत आणि पिण्याच्या पाण्यात गेलं. रॉबर्ट बिलॉट या वकिलाने अनेक वर्षं हा खटला लढवला. त्यातून नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या मंडळाला मूत्रपिंड आणि वृषणाच्या कर्करोगासह सहा आजारांशी या रसायनाचा संबंध असण्याची शक्यता दिसली. मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर थांबवला. २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराखाली ते बंदी घालायच्या रसायनांच्या यादीत आलं आणि २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. म्हणून आज खोक्यावर ‘पीएफओए-मुक्त’ असणं ही किमान अट झाली. त्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही. ‘पीएफओए-मुक्त’ म्हणजे ‘पीटीएफई-मुक्त’ नव्हे, हेही लक्षात ठेवावं. या दोन्हींच्या कुळातल्या रसायनांचा माग पर्यावरणात फार काळ राहतो, म्हणून काही ठिकाणी कायदा आणखी पुढे गेला आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात १ जानेवारी २०२५ पासून अशी रसायनं मुद्दाम वापरलेली स्वयंपाकाची भांडी विकायलाच बंदी आहे. तिथल्या मराठी घरांना डोशाचा नवा तवा निवडताना वेगळाच विचार करावा लागतो.

दुसरा प्रश्न खुद्द पीटीएफईचा, आणि तो तापमानाचा आहे. थराचा एखादा तुकडा पोटात गेला तर तो शरीरात विरघळत नाही, तसाच बाहेर पडतो. अडचण येते ती भांडं अति तापल्यावर. सतत वापरासाठी २६० अंश ही कमाल मर्यादा मानली जाते. साडेतीनशे अंशांच्या पुढे थर विघटित होऊन जे वायू सोडतो, त्यांनी माणसाला ताप, थंडी आणि छातीत जखडल्यासारखं होऊ शकतं. पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात. रिकामा नॉनस्टिक तवा गॅसवर राहून गेल्याने घरातले पोपट, लव्हबर्ड दगावल्याची उदाहरणं पशुवैद्यकात नोंदलेली आहेत. घरात पिंजरा असेल तर तो स्वयंपाकघरात ठेवूच नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात आणखी कडक भूमिका घेत १७० अंशांच्या वर तापवण्याबद्दल सावध केलं आहे.

तवा एवढा तापतो तरी किती वेळात? इथे छोटा हिशेब करण्याजोगा आहे. अर्धा किलो ॲल्युमिनियम ३० अंशांवरून २६० अंशांवर न्यायला सुमारे १,०३,५०० ज्यूल ऊर्जा लागते. २००० वॅटच्या इंडक्शनमधून त्यातली १७०० वॅट भांड्यात शिरत असेल, तर हवेत जाणारी उष्णता न धरता वेळ लागतो फक्त ६१ सेकंद! गॅसच्या मोठ्या बर्नरची हजार वॅट धरली तरी पावणेदोन मिनिटं. प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ लागेल, पण ‘तवा ठेवून पीठ भिजवून येते’ एवढ्या वेळात मर्यादा ओलांडली जाते, हे नक्की. तव्यावर पीठ, भाजी, पाणी पडलं की पाण्याची वाफ होताना तापमान आपोआप खाली राहतं. म्हणून शिजवताना धोका जवळपास नसतो. धोका असतो तो रिकाम्या भांड्याला. थोडं तेल आधी घातलं तर तेही पहारा देतं. शुद्ध केलेलं शेंगदाणा तेल २३० अंशांच्या सुमाराला धुरायला लागतं. धूर दिसला की आच कमी करायची वेळ कधीच झालेली असते.

याच कारणाने ज्वारी-बाजरीची भाकरी आणि फुलके नॉनस्टिकवर करू नयेत. भाकरीला कोरडा, रणरणता तवा लागतो. ते काम बिडाच्या किंवा लोखंडी तव्याचं. दोन्ही तवे घरात असणं ही चैन नव्हे. एकाने दुसऱ्याचं आयुष्य वाढतं.

५. ग्रॅनाइट, सिरॅमिक आणि हार्ड ॲनोडाइज्ड

ग्रॅनाइट किंवा मार्बल नावाच्या भांड्यांत दगड नसतो. बहुतेकदा तोच पीटीएफईचा थर असतो आणि त्यावर ठिपके असतात. थर चांगला असू शकतो, पण ठिपक्यांमुळे तो चांगला होत नाही.

सिरॅमिक खरंच वेगळं आहे. त्यात पीटीएफई नसतं. वाळूचा जो मूळ घटक, त्या सिलिकाचा काचेसारखा थर ॲल्युमिनियमवर चढवलेला असतो. २००७ मध्ये बेल्जियमच्या ग्रीनपॅनने तो लोकप्रिय केला. अति तापल्यावर विषारी वायू सोडण्याची भीती यात नाही, ही त्याची मोठी बाजू. पण त्याचा न चिकटण्याचा गुण पीटीएफईपेक्षा लवकर ओसरतो. रोज वापरलं तर वर्षभरातच फरक पडलेला दिसतो. ज्या घराला पीटीएफई नकोच आहे, त्याने सिरॅमिक घ्यावं, पण बेताच्या किमतीचं घ्यावं आणि ते लवकर बदलावं लागेल हे धरून चालावं.

हार्ड ॲनोडाइज्ड हा शब्द सर्वांत जास्त गोंधळ घालतो. विद्युत प्रक्रियेने ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागाचंच कठीण ऑक्साइड बनवलेलं असतं. करडा-काळा रंग, चांगली मजबुती, चिंच-कोकमासारख्या आंबटालाही दाद न देणारा पृष्ठभाग. पण ते आपोआप नॉनस्टिक होत नाही. नुसत्या हार्ड ॲनोडाइज्ड कढईत पोहे तळाला लागतात. मात्र हार्ड ॲनोडाइज्ड पायावर नॉनस्टिक थर दिलेला असेल तर दोन्हींचा फायदा मिळतो आणि अशा भांड्याला दोनतीनशे रुपये जास्त दिले तर ते वाया जात नाहीत.

६. सेट की सुटं?

भारतात नॉनस्टिकचे सेट मोठ्या प्रमाणावर विकले जातात ते आहेरामुळे आणि सणामुळे. लग्नाच्या भेटीत खोकं मोठं दिसावं लागतं. म्हणून ‘पाच पीस’ म्हणजे पाच भांडी असतीलच असं नाही. तवा, पॅन, कढई, कढईचं झाकण आणि लाकडी उलथनं, झाले पाच. कधी घासणीही मोजलेली असते. खोकं घेण्याआधी त्यातली आचेवर ठेवायची भांडी किती, एवढंच मोजावं.

मग पाहावं घरात खरोखर चिकटणारं काय होतं. घावनं, आंबोळ्या, धिरडी, डोसे, थालीपीठ, ऑम्लेट, रव्यात घोळवलेली सुरमई किंवा बांगडा. यांतले बहुतेक पदार्थ सपाट तव्यावर किंवा पॅनमध्ये होतात. आमटी, रस्सा, उसळ, भात यांना नॉनस्टिक लागत नाही. त्यांना स्टीलचं जाड बुडाचं पातेलं बरं. कढईत नॉनस्टिकचा खरा फायदा पोहे, उपमा आणि कमी तेलातल्या परतलेल्या भाज्यांना. तळण तिथे करू नये. तळणाच्या तेलाला नॉनस्टिकची गरज नाही.

एक काल्पनिक पण घराघरांतून दिसणारं उदाहरण घेऊ. अडीच हजारांचा पातळ पत्र्याचा सेट. तवा आठवड्यातून पाच दिवस वापरला जातो, म्हणजे वर्षाला २६० वेळा. पॅन आठवड्यातून एकदा, म्हणजे ५२ वेळा. कढई कपाटातच. दीड वर्षात तव्याचा थर गेला आणि सेट बदलायची वेळ आली. एकूण वापर ४६८ वेळा, म्हणजे दर वापराला सव्वापाच रुपयांच्या वर. आता हेच घर सेट सोडून देतं, ४ मिलिमीटरचा सुटा तवा १,३०० रुपयांना आणि २४ सेंटिमीटरचा बरा पॅन ८०० रुपयांना घेतं. दोन्ही नीट वापरून तीन वर्षं चालतात. २,१०० रुपयांत ९३६ वापर. दर वापराला सव्वादोन रुपये!

पण हिशेब उलटाही निघू शकतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नव्या गावी बिऱ्हाड थाटलेली दोन मुलं आठवड्यातून पाच दिवस सकाळी पॅनमध्ये अंडी करतात, पाच दिवस तवा लावतात, तीन दिवस कढईत भाजी परततात. त्यांचा वापर वर्षाला ६७६ वेळा होतो. त्यांनी तोच अडीच हजारांचा सेट दीड वर्ष वापरून टाकला तरी दर वापराला अडीच रुपये पडतात. त्यांच्यासाठी सेट हा वाईट सौदा नाही. आधीच्या कुटुंबासाठी मात्र तो आहे. पाच हजारांच्या सेटलाही हीच कसोटी लावायची. जाड पत्रा, चांगला थर आणि तिन्ही भांड्यांचा रोजचा वापर असेल तर तो सेट किंमत वसूल करतो. कपाटात राहणारी कढई कितीही चांगली असली तरी ती करत नाही.

सुटी भांडी घेताना पॅन आणि कढईचा व्यास एकच ठेवला, समजा २४ सेंटिमीटर, तर एकाच झाकणात दोन्हींचं भागतं. काचेच्या झाकणाचे पैसे वाचतात आणि कपाटातली जागाही.

७. दुकानात हातात घेऊन

भांडं उजेडात तिरकं धरावं. थरात बारीक छिद्रं, फोड, रंगातला फरक दिसला तर दुसरं मागावं. काचेच्या काउंटरवर ठेवून बोटाने हलकेच ढकलावं. भांडं भोवऱ्यासारखं फिरलं तर बुड बाहेर आलेलं आहे, ते इंडक्शनवर किंवा परदेशात सर्रास असणाऱ्या काचेच्या सपाट विद्युत शेगडीवर नीट बसणार नाही. बुड आत किंचित दबलेलं असलं तर हरकत नाही. पुष्कळ कंपन्या ते मुद्दाम तसं ठेवतात, कारण तापल्यावर ते सपाट होतं.

इंडक्शन असेल तर खिशात फ्रिजवरचा लोहचुंबक न्यावा. नुसत्या ॲल्युमिनियमला घरगुती इंडक्शन दाद देत नाही, म्हणून बुडाला चुंबक धरेल अशी पोलादी चकती बसवलेली असते. चुंबक बुडाच्या मध्यापासून कडेपर्यंत सरकवून चकती किती मोठी आहे ते पाहावं. २४ सेंटिमीटरच्या पॅनला १२ सेंटिमीटरची चकती असेल तर सगळी उष्णता मध्यात येईल आणि थर तिथेच आधी जाईल.

दांडीचा जोड हलवून पाहावा. स्क्रू ढिला झाला तर घरी आवळता येतो, ढिला झालेला रिव्हेट तसा आवळता येत नाही. ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठीचं भारतीय मानक आयएस १६६०. त्यात नॉनस्टिक थराच्या भांड्यांचाही समावेश आहे. आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा परवाना क्रमांक आहे का ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. रस्त्यावर ढीग लावून विकल्या जाणाऱ्या अनामिक भांड्यांत पत्राही अनोळखी आणि थरही अनोळखी असतो.

८. घरी आल्यावर

पहिल्या वापराआधी कोमट पाण्याने धुऊन, पुसून, थेंबभर तेल बोटाने फिरवावं. आच मध्यम. लाकडाचं किंवा सिलिकॉनचं उलथनं. ‘मेटल स्पून फ्रेंडली’ लिहिलं असेल तरी त्याचा अर्थ थराला स्टीलचा झारा काही काळ सोसतो एवढाच, सुरीने थालीपिठाचे तुकडे तव्यातच करावेत असा नाही. डोशाच्या तापलेल्या तव्यावर गार पाणी शिंपडायची सवय लोखंडासाठी ठीक आहे. ॲल्युमिनियम त्याने वाकतं, बुड फुगतं आणि थराला बारीक चिरा जातात. तापलेलं भांडं नळाखाली धरणं त्याहून वाईट. एकात एक भांडी रचताना मध्ये जुन्या सुती कापडाचा तुकडा ठेवावा.

आणि तवा चिकटायला लागला म्हणजे थर गेलाच असं समजू नये. तेलाचा बारीक थर वारंवार तापून पिवळट-तपकिरी, चिवट साय धरतो. पदार्थ चिकटतात ते या सायीला. भांड्यात पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं मंद उकळावं, थंड झाल्यावर मऊ स्पंजने पुसून काढावं. थर शाबूत असेल तर तवा पुन्हा कामाला लागतो. पुष्कळ चांगले तवे या एका गैरसमजापायी भंगारात जातात.

थर खरंच गेला हे कळतं ते चंदेरी धातू दिसल्यावर किंवा थराचे पापुद्रे सुटायला लागल्यावर. मग मात्र ते भांडं नॉनस्टिक म्हणून वापरत राहू नये. आधी बिल शोधावं. गॅरंटीच्या कागदात बहुधा ओरखडे आणि रोजच्या वापराची झीज धरलेली नसते, पण मुदतीत थर फुगला किंवा आपोआप सोलला तर तो घडणीतला दोष मानून भांडं बदलून मिळू शकतं. मुदत संपलेली असेल तर दिवाळीच्या सुमाराला अनेक कंपन्या ‘जुनं द्या, नवं घ्या’ योजना काढतात. तिथे मिळणारी सूट नव्या भांड्याच्या छापील किमतीवर असते आणि दुकानदार एरवीही त्या किमतीला विकत नाही. म्हणून आधी जुनं भांडं पिशवीतच ठेवून रोखीचा भाव विचारावा, मग योजनेचा विचारावा. फरक शेपन्नास रुपयांचाच निघाला, तर जुना तवा भंगारवाल्याला ॲल्युमिनियमच्या वजनाने दिलेला बरा. जाड तवा घेतलेला असला तर तिथेही वजन जास्तच भरतं.